समोर कोण होतं?

पंच्याण्णव. सुनील छेत्रीनं भारतासाठी केलेल्या गोलांचा हा आकडा. पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय फुटबॉलमध्ये याहून जास्त गोल करणारे आजवर तिघंच: रोनाल्डो, मेस्सी आणि इराणचा अली दाई. हे कुणाला सांगितलं की ऐकणारा क्षणभर थबकतो. मग मान थोडी तिरकी करून विचारतो, “हो, पण कुणाविरुद्ध?”

नेपाळ, मालदीव, पाकिस्तान, ताजिकिस्तान, चायनीज तैपेई. यादी वाचायला लागलं की विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरतं. म्हणजे तसं काही विशेष नाही तर, असं.

हा प्रश्न माझ्या ओळखीचा आहे. मी कन्नडमधून मराठीत अनुवाद करते. बंगळुरूत येऊन सतरा वर्षं झाली, त्यातली चौदा या कामात गेली. एखादी कन्नड कादंबरी किती थोर आहे हे मी मोठ्या उत्साहानं सांगत असते आणि समोरची व्यक्ती, बहुतेकदा स्वतः मराठीत लिहिणारी, तीच मान तशीच तिरकी करून विचारते, “इंग्रजीत आलीय का?” कन्नडमध्ये थोर म्हणजे कुणाच्या तुलनेत थोर, असं तिला विचारायचं असतं. तुलनात्मक साहित्यात एम.ए. करताना आम्ही या प्रश्नाचे भारदस्त पर्याय वाचले होते. गटे १८२७मध्ये एकरमानशी बोलताना विश्वसाहित्याची भाषा करतो, आणि पावणेदोनशे वर्षांनी पास्काल काझानोव्हा म्हणते की साहित्याच्या जगालाही एक ग्रिनिच रेषा असते, आणि बाकी सगळ्यांचं घड्याळ तिच्यापासून किती मागं, हे त्या रेषेवर बसलेले लोक ठरवतात. वर्गात हे सगळं पटलं होतं. पण ही रेषा प्रत्यक्षात कशी चालते हे मला छेत्रीच्या कारकिर्दीत जितकं स्वच्छ दिसलं, तितकं कुठल्या पुस्तकात दिसलं नाही.

आधी शब्दाविषयी थोडं, अनुवादकाची खोड म्हणून. मराठी वर्तमानपत्रं ‘आघाडीपटू’ लिहितात. बोलताना कुणी तसं म्हणत नाही. ‘स्ट्रायकर’ म्हटलं की मराठी माणसाला पहिल्यांदा कॅरमचा स्ट्रायकर आठवतो: जड, गुळगुळीत, सोंगटीवर आदळणारा. छेत्री या अर्थानं कधीच स्ट्रायकर नव्हता. उंची पाच फूट सात इंच. आडदांड बचावपटूंना खांद्यानं हटवावं अशी अंगकाठी नाही. त्याचं कौशल्य नेमक्या क्षणी नेमक्या जागी असण्याचं. चेंडू विंगवर असताना तो पेनल्टी क्षेत्राच्या कडेला जवळजवळ आळसावल्यासारखा उभा असतो. बचावपटू एकदा चेंडूकडे बघतो, एकदा त्याच्याकडे, पुन्हा चेंडूकडे. या तिसऱ्या नजरेत छेत्री दोन पावलं सरकलेला असतो. उंच बचावपटूंच्या गर्दीत तो हेडरनं इतके गोल कसे करतो, याचं उत्तर त्याच्या उडीपेक्षा या दोन पावलांत आहे.

कोल्हापुरात अशा माणसाला ‘वास येतो’ म्हणतात. चेंडू कुठं पडणार याचा वास.

मी कोल्हापूरची आहे हे इथं सांगायला हवं. मराठी मुलुख क्रिकेटचा, पण कोल्हापूरची गोष्ट वेगळी. तिथं तालमींचे फुटबॉल संघ असतात. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही तालमींची नावं, आणि त्याच नावांनी संघ शाहू स्टेडियमवर उतरतात. लीगच्या दिवसांत पेठांमध्ये झेंडे लागतात आणि जावई कुठल्या पेठेतला यावरून जेवणाच्या पंगतीत शांतता पसरू शकते. माझे मामा ऐंशीच्या दशकात अशाच एका संघाचे सेंटर फॉरवर्ड होते. त्यांचे एका हंगामातले गोल पेठेत अजून बोटांवर मोजून सांगतात. मुंबईच्या एका कंपनीच्या संघानं त्यांना चाचणीला बोलावलं होतं. ते गेले, चार दिवस राहिले, परत आले आणि नंतर साखर कारखान्यात कारकून म्हणून निवृत्त झाले. त्या चार दिवसांविषयी ते बोलत नाहीत.

छेत्रीची गोष्ट मुळात गावोगावची. जन्म ३ ऑगस्ट १९८४चा, सिकंदराबादचा. वडील सैन्यात, त्यामुळे बदल्या, आणि त्यामुळे गंगटोक, दार्जिलिंग, कोलकाता, दिल्ली. आई आणि मावशी नेपाळच्या महिला संघाकडून खेळलेल्या. सतराव्या वर्षी, २००२मध्ये तो मोहन बागानमध्ये आला. तिथं बारेटोसारखा ब्राझिलियन आघाडीला असताना पोरगेल्या मुलाला जागा मिळणं अवघड होतं, तरी थोडी मिळाली. मग पंजाबात फगवाड्याचा जेसीटी. मग ईस्ट बंगाल, गोव्याचा डेम्पो, कोलकात्याचा चिराग युनायटेड, पुन्हा बागान, गोव्याचा चर्चिल ब्रदर्स, आणि २०१३पासून बंगळुरू. मधे दोन हंगामांत मुंबई सिटी. ही यादी मराठी लघुनियतकालिकांच्या यादीसारखी वाचता येते. जेसीटी २०११मध्ये बंद झाला. चिरागचं नाव बदललं आणि तो पुढं विरत गेला. डेम्पोनं २०१६मध्ये राष्ट्रीय लीगमधून माघार घेतली. भारतात फुटबॉलपटूची कारकीर्द क्लबापेक्षा जास्त टिकू शकते.

भारतासाठी पहिला सामना १२ जून २००५ला क्वेट्ट्यात, पाकिस्तानविरुद्ध. त्यात गोल. वय वीस.

आता ‘कुणाविरुद्ध’ या प्रश्नाकडे जरा सावकाश बघू. १३ ऑगस्ट २००८. एएफसी चॅलेंज कपचा अंतिम सामना. ही स्पर्धाच मुळी आशियातल्या मागं पडलेल्या देशांसाठी होती, हे नावातूनच कळतं. स्पर्धा हैदराबादला होती, पण पावसानं मैदानाचा चिखल झाला, म्हणून अंतिम सामना दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर हलवला. समोर ताजिकिस्तान. भारत ४-१नं जिंकला, त्यात छेत्रीचे तीन. जगाच्या फुटबॉलमध्ये या सामन्याची नोंद तळटीपेइतकीही नाही. पण या विजयानं भारत २०११च्या आशिया चषकाला पात्र ठरला, १९८४नंतर पहिल्यांदा. सत्तावीस वर्षं बंद असलेलं दार ताजिकिस्तानवर केलेल्या गोलांनी उघडलं. ते दुसऱ्या कुणावर केलेल्या गोलांनी उघडण्याची सोयच नव्हती, कारण दाराशी ताजिकिस्तानच उभा होता.

दार उघडून आत गेल्यावर काय झालं तेही सांगायला हवं. दोहात ऑस्ट्रेलियानं चार गोल घातले, बहरीननं पाच, दक्षिण कोरियानं चार. भारताचे स्पर्धेत तीन गोल, त्यांतले दोन छेत्रीचे. एक बहरीनविरुद्ध, एक पेनल्टीवर कोरियाविरुद्ध. कोरियाविरुद्धचा तो गोल कोणत्या मापानं मोजायचा? १-४ हरलेल्या सामन्यातला एक. प्रश्न विचारणारे इथं मात्र ‘पेनल्टीच होती ना’ म्हणतात. म्हणजे लहानाविरुद्ध गोल केला तर समोरचा लहान, मोठ्याविरुद्ध केला तर गोल लहान.

याच काळात रेषेपलीकडे जायचे तीन प्रयत्न झाले. २००९मध्ये लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्सनं त्याला करार देऊ केला. ब्रिटननं काम करण्याचा परवाना नाकारला. तेव्हाचा नियम असा होता की खेळाडूचा देश फिफाच्या क्रमवारीत पहिल्या सत्तरात हवा. खेळाडू कसा आहे हा प्रश्न आलाच नाही. देश कितवा आहे हे बघून फाईल बंद झाली. काझानोव्हाच्या रेषेचा याहून नेमका नमुना मला ठाऊक नाही. २०१०मध्ये अमेरिकेत कॅन्सस सिटी विझर्ड्स. तिथं लीगमधला एकही सामना वाट्याला आला नाही. २०१२मध्ये पोर्तुगालचा स्पोर्टिंग, पण त्यांच्या ‘ब’ संघात; मोजके सामने आणि काही महिन्यांत परत, चर्चिलकडे, जिथं त्यानं लगेच आय-लीग जिंकली.

ही तीन प्रकरणं सांगताना लोक ‘अपयश’ हा शब्द वापरतात. मला त्यावर ठाम मत द्यायचं नाही. तो तिथं कमी पडला असेल. पंचविशीनंतर तिकडची गती अंगवळणी पडणं अवघडच. पण मला रस आहे तो परतल्यावर त्यानं काय केलं यात. आपल्याकडे परतलेल्यांच्या दोन तऱ्हा असतात. एक तिकडचं सांगत बसतात, दुसरे गप्प होतात. मामा दुसऱ्या तऱ्हेचे. छेत्री परतला आणि त्याचा सगळ्यात मोठा काळ त्यानंतर सुरू झाला. बंगळुरू एफसी २०१३मध्ये स्थापन झालेला, ना परंपरा ना पेठ, आणि पहिल्याच हंगामात या संघानं आय-लीग जिंकली. निर्णायक सामना गोव्यात, डेम्पोविरुद्ध. त्या सुमारास आमच्या गल्लीतली पोरं निळे टीशर्ट घालून कंठीरवाच्या दिशेनं जायला लागली. मीही एकदा गेले आणि मग जातच राहिले. त्या शहरात मला पहिल्यांदा पेठेसारखं वाटलं ते तिथल्या पश्चिमेकडच्या स्टँडमध्ये, कन्नडमधल्या शिव्या ऐकताना. (कन्नड बोली शिकायला याहून चांगला वर्ग नाही. कादंबरीतला एक बाप मुलाला ज्या शब्दांनी झोडपतो ते मला कोशात सापडले नव्हते, तिथं सापडले.)

एक गोष्ट मात्र आकड्यांत दिसत नाही. देशासाठी पंच्याण्णव गोल करणारा हा माणूस क्लबात कित्येक हंगाम सेंटर फॉरवर्ड नव्हताच. भारतीय क्लब पैसे मोजून परदेशी खेळाडू आणतात तेव्हा आधी गोल करणाराच आणतात. आय-लीगमध्ये रँटी मार्टिन्स आणि ओडाफा ओकोली या नायजेरियन जोडीनं वर्षानुवर्षं ढिगानं गोल केले. आयएसएल २०१४मध्ये सुरू झाली तेव्हा तर अकरांत सहा परदेशी चालत. मधली जागा त्यांची, कडेच्या जागा आपल्या. बंगळुरूत व्हेनेझुएलाचा मिकू आला तेव्हा छेत्री डाव्या विंगवर गेला. २०१७-१८च्या हंगामात मिकूचे पंधरा गोल, कडेनं खेळणाऱ्या छेत्रीचे चौदा. तो निभावून गेला. बाकीच्यांचं काय? नऊ नंबरची जागा मिळेल म्हणून वाढलेली मुलं विंगवर जातात, मग आणखी मागं. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७चा सतरा वर्षांखालील विश्वचषक आघाडीला खेळला तेव्हा शाहू स्टेडियमच्या आसपास दिवाळी होती. पुढं त्याचीही जागा बहुतेक कडेलाच राहिली. छेत्रीनंतर कोण, असं सगळे विचारतात. त्या जागेवर खेळूच दिलं नाही तर येणार कुठून?

२०१८चा जून. मुंबईत अंधेरीच्या मैदानात चार देशांची स्पर्धा. पहिला सामना चायनीज तैपेईविरुद्ध ५-०, छेत्रीचे तीन, आणि बघायला अडीच हजारांच्या आसपास माणसं. दुसऱ्या दिवशी त्यानं समाजमाध्यमावर एक छोटी चित्रफीत टाकली. लोकांना हात जोडून मैदानात बोलावलं: या, टीका करा, शिव्या घाला, पण या. ही विनंती देशभर गाजली आणि ४ जूनला केनियाविरुद्ध, त्याच्या शंभराव्या सामन्याला, भर पावसात मैदान भरलं. ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. त्यातला जो भाग मला महत्त्वाचा वाटतो तो फारसा कुणी सांगत नाही. युरोपातल्या क्लबांच्या चाहत्यांना उद्देशून त्यानं आधीच मान्य करून टाकलं होतं की आमचा दर्जा तेवढा नाही, जवळपासही नाही. ‘कुणाविरुद्ध’ हा प्रश्न त्यानं समोरच्याच्या तोंडून काढून घेतला, स्वतःच उत्तर दिलं, आणि तरीही या म्हणाला.

मी ती चित्रफीत पाहिली तेव्हा एका प्रकाशनासाठी पाचशे प्रतींच्या पुस्तकाची प्रुफं तपासत होते. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका प्रकाशकानं मला नकार कळवला होता. कारण असं दिलं होतं की लेखिका कन्नडबाहेर कुणाला ठाऊक नाही. ती ठाऊक व्हावी म्हणूनच अनुवाद करायचा असतो, हे त्याला लिहून उपयोग नव्हता. कन्नडमधून थेट मराठीत येणं म्हणजे सॅफ स्पर्धा. शेजारी शेजाऱ्याशी खेळतो आणि लंडनमध्ये त्याची नोंद होत नाही. मे २०२५मध्ये बानू मुश्ताक यांच्या कथांना दीपा भास्ती यांच्या इंग्रजी अनुवादासह आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं. मला मनापासून आनंद झाला. आणि पुढच्या पंधरवड्यात मला तीन मराठी संपादकांचे फोन आले: कन्नडमध्ये अजून काय चांगलं आहे? त्या कथा तीस वर्षं कन्नडमध्ये होत्याच. हुबळी आणि बेळगाव कोल्हापूरपासून लंडनपेक्षा जवळ आहेत.

केनियाच्या त्या सामन्यानंतर सात महिन्यांनी, ६ जानेवारी २०१९ला अबू धाबीत भारतानं थायलंडला ४-१ हरवलं. छेत्रीचे दोन. आशिया चषकात भारतानं सामना जिंकला तो १९६४नंतर पहिल्यांदा. त्याच रात्री त्याचे ६७ गोल झाले, तेव्हा मेस्सीचे ६५ होते, आणि सगळीकडे तोच मथळा. छेत्री स्वतः ही तुलना दर वेळी उडवून लावत आला आहे. मला त्या रात्रीची वेगळी बातमी लक्षात राहिली. दुसऱ्या दिवशी थायलंडनं आपल्या प्रशिक्षकाला काढून टाकलं. स्पर्धेतला एकच सामना झाला होता. पण हरले कुणाविरुद्ध? भारताविरुद्ध! बँकॉकमध्येही कुणीतरी तशीच मान तिरकी केली असणार.

आणि छेत्रीच्या बाजूनंच बोलत राहू नये म्हणून हेही. या काळातला भारताचा सगळ्यात देखणा निकाल १० सप्टेंबर २०१९चा. विश्वचषक पात्रता, दोहा, समोर आशियाचा विजेता कतार त्यांच्याच घरी. ०-०. गोलकीपर गुरप्रीतसिंग संधू भिंतीसारखा उभा राहिला. त्या सामन्यात छेत्री नव्हता. तापानं आजारी होता.

२१ जून २०२३ला सॅफ स्पर्धेत पाकिस्तान कंठीरवावर आला. व्हिसाच्या घोळामुळे त्यांचा संघ सामन्याच्या काही तास आधी बंगळुरूत उतरला होता. पाऊस. पहिला गोल कीपरच्या चुकीवर, छेत्री त्याच्या अंगावर धावून गेला आणि चेंडू सुटला. मग दोन पेनल्टी. तीन गोल झाले. माझ्या शेजारी बसलेला सॉफ्टवेअरवाला मुलगा मित्राला म्हणाला, असे गोल मीही केले असते. मला हसू आलं. मी रात्री फोनवर मामांना हे सांगितलं. मामा हसले नाहीत. म्हणाले, “अगं, समोर जो कीपर हाय त्येच्यावरच मारनार न्हवं? दुसरा कुठनं आनू?” मग थोडं थांबून, “आनि धावून गेला म्हणून चेंडू सुटला. न्हाईतर कीपरनं धरला असता निवांत. अडतिसाव्या वर्षी कोन धावतंय कीपरच्या अंगावर?”

मामा मोजतात ते वेगळं. त्यांना सामन्याचा निकाल क्वचित आठवतो. कुठल्या बाजूनं चेंडू आला, मैदान ओलं होतं का, समोरचा सेंटर हाफ डावखुरा होता का, हे सगळं आठवतं. चाळीस वर्षांपूर्वीच्या एका लीग सामन्यातल्या कीपरचं वर्णन ते असं करतात की तो कुठल्याही दर्जाचा असो, तो एक पूर्ण माणूस म्हणून डोळ्यांपुढं येतो: उजवीकडं झेपावताना डावा गुडघा टेकवायचा, कारण तो दुखावलेला होता, आणि हे फक्त मामांना कळलं होतं.

छेत्रीनं ६ जून २०२४ला निवृत्ती घेतली. सॉल्ट लेक, साठ हजारांच्या आसपास माणसं, कुवेतविरुद्ध ०-०. शेवटच्या सामन्यात गोल नाही, विजय नाही, आणि पुढच्या फेरीची वाट जवळजवळ बंद. नंतर मार्च २०२५मध्ये त्याला परत बोलावलं, कारण गोल करायला कुणी नव्हतं. शिलाँगमध्ये मालदीवविरुद्ध त्यानं हेडरनं पंच्याण्णवावा गोल केला आणि सोळा महिन्यांनी भारतानं सामना जिंकला. पुढच्या आशिया चषकाची पात्रता ऑक्टोबरात मडगावला सिंगापूरकडून हरून हुकली. त्याआधी पावसाळ्यात लीगचे करार अधांतरी राहिले, हंगाम लांबला, काही क्लबांनी पगार थांबवले. चाळिशीतल्या माणसाला परत बोलावणं ही कौतुकाची गोष्ट आहे असं मला तरी म्हणवत नाही.

पण त्या सगळ्याच्या आधी एक संध्याकाळ आहे. डिसेंबर २०२४च्या पहिल्या आठवड्यात मामा मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आमच्याकडे विश्रांतीला आले होते. ७ तारखेला केरळ ब्लास्टर्सविरुद्ध सामना होता. मी त्यांना कंठीरवाला घेऊन गेले. निम्मं मैदान पिवळं, केरळची पोरं बंगळुरूत काय कमी आहेत? मामांनी काळा चष्मा लावला होता. आठव्या मिनिटाला छेत्रीनं हेडरनं गोल केला. सगळे उठले, मामा बसून राहिले.

“दिसला का?” मी विचारलं.

“आधीच दिसला,” मामा म्हणाले. “तो दोन पावलं मागं गेला तेव्हाच.”

केरळनं उत्तरार्धात दोन गोल करून बरोबरी साधली. मग त्र्याहत्तराव्या मिनिटाला छेत्रीचा दुसरा. भरपाईच्या वेळेत, अठ्ठ्याण्णवाव्या मिनिटाला तिसरा. चाळीस वर्षं वय, ४-२. आयएसएलमध्ये या वयात हॅट्ट्रिक कुणी केली नव्हती. पश्चिमेकडचा स्टँड वेडा झाला होता, कुणीतरी माझ्या डोक्यावर निळा मफलर टाकला, आणि मी मामांना धरून गर्दीतून जिन्याकडे न्यायला लागले. ते वळून वळून गोलपोस्टकडे बघत होते. तिथं केरळचा कीपर हातमोजे काढून जाळीला टेकून उभा होता.

“नाव काय त्याचं?” मामांनी विचारलं.

मी फोनवर शोधलं आणि सांगितलं. मामांनी ते नाव दोनदा म्हणून पाहिलं, जिभेवर नीट बसेपर्यंत.

“वय किती?”